पुलाला चाकं

सिरोंच्यात ‘ब्रिज’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. गावाला लागून प्राणहिता, थोडं खाली गेलं की गोदावरीशी तिचा संगम, आणि आता दोन्ही नद्यांवर मोठे पूल. हे पूल व्हायच्या आधी पलीकडच्या कालेश्वरला जायचं म्हणजे नाव, आणि नदी भरली की नावही बंद. त्यामुळे इथल्या माणसासाठी ब्रिज हा जिव्हाळ्याचा विषय आहे. मेसमध्ये जेवताना मी फोनवर मैत्रिणीला म्हटलं, ‘‘अगं, माझा ब्रिज कामातून गेलाय, बदलावाच लागणार,’’ तेव्हा समोरच्या टेबलावरच्या बांधकाम खात्यातल्या ज्युनिअर इंजिनिअरचा घास हातातच राहिला.

‘‘कुठला मॅडम? गोदावरीचा की प्राणहितेचा?’’

‘‘गिटारचा.’’

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि भातावर सांबार ओतलं. (हो, सांबार. आपण महाराष्ट्रातच आहोत, पण इथे निम्मं गाव तेलुगूत बोलतं आणि मेसवाल्या अक्का वरण मागितलं की दयेने बघतात.)

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की या कॉलमची मालकीण गेल्या जूनपासून पुण्यातून गायब आहे. बँकेने उचललं आणि थेट गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणून ठेवलं. जिल्ह्याचं ठिकाण इथून साधारण दोनशे किलोमीटर, नागपूर साडेतीनशेच्या वर. त्यापेक्षा हैदराबाद जवळ! दोन सुटकेस, एक प्रेशर कुकर आणि एक गिटार, एवढा संसार घेऊन आले. गिटार सेमी-हॉलो, कोरियात बनलेली, तीन वर्षांच्या दिवाळी बोनसमधून सेकंडहँड घेतलेली. तिच्या शेपटाला बिग्सबी आहे. ही सगळी रामकहाणी त्या बिग्सबीमुळेच.

ज्यांचा गिटारशी संबंध ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेपुरताच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॉल बिग्सबी हा कॅलिफोर्नियातला मोटरसायकलवेडा कारागीर. मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकासाठी त्याने १९५० च्या आसपास एक यंत्र घडवलं. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यात एक फिरता दांडा, त्या दांड्याला अडकवलेल्या सहा तारा, एक हँडल आणि त्याखाली एक जाडजूड स्प्रिंग. हँडल हलकेच दाबलं की सगळ्या तारा एकदम किंचित ढिल्या होतात, सोडलं की परत ताणल्या जातात. स्वर थरथरतो. रात्री पाण्यावर दिव्याचं प्रतिबिंब हलतं ना, तसा.

याला ट्रेमोलो म्हणतात, आणि ते नाव साफ चुकीचं आहे. स्वर खाली-वर होतो तो व्हायब्रेटो, आवाज लहान-मोठा होतो तो ट्रेमोलो. पण लिओ फेंडरने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा तिच्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधल्या खऱ्या ट्रेमोलोला त्याच कंपनीने व्हायब्रेटो म्हटलं. सत्तर वर्षं होऊन गेली, जग अजून तेच म्हणतंय. आपणही म्हणू.

आता मुद्दा. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या बँडचा शेवटचा कार्यक्रम आहे. बँड म्हणजे फार काही नाही हो, तीन जणांचा कारभार, कोथरूडच्या एका गच्चीवर सुरू झालेला. ड्रमर कॅनडाला चाललाय, कायमचा. मला रजा मिळालीय मोजून चार दिवस, आणि त्यातले जवळजवळ तीन जाण्यायेण्यातच जाणार. मंचेरियलपर्यंत बस, पुढे रेल्वे. म्हणजे पुण्यात उतरायचं, तासभर प्रॅक्टिस करायची आणि वाजवायचं. गिटार दुकानात नेऊन ‘बघा ना जरा’ म्हणायला फुरसतच नाही. जे करायचं ते सिरोंच्यात, आणि पहिल्या फटक्यात बरोबर. कारण चुकीचा पार्ट आला, तर तो बसवायला गिटारच्या अंगात नवी भोकं पाडावी लागतात. भोक काही ‘रिटर्न’ करता येत नाही.

आणि गिटारची अवस्था अशी होती, की हँडल एकदा दाबलं की पुढचं अख्खं गाणं बेसूर. बिग्सबीवाली गिटार घेऊन बिग्सबीला हात न लावता वाजवायचं म्हणजे कोकणात जाऊन समुद्राकडे पाठ करून बसायचं.

इंटरनेटवर कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं: ‘रोलर ब्रिज बसवा.’ ब्रिज म्हणजे ज्यावर तारा टेकतात तो धातूचा पट्टा. आपल्या तंबोऱ्याची घोडी म्हणा ना. माझ्या गिटारवर होता तो साधा ट्यून-ओ-मॅटिक. टेड मॅकार्टी गिब्सनचे प्रमुख असताना तिथे ही रचना तयार झाली आणि १९५४ च्या लेस पॉल कस्टमवर पहिल्यांदा झळकली. सहा तारांना सहा छोटी सॅडल्स, प्रत्येकाला एक खाच, तार खाचेत घट्ट बसते. दांडी नसलेल्या गिटारवर उत्तम. पण दांडी आली की तीच खाच वैरीण होते, कारण तारेला तिथून पुढे-मागे सरकायचं असतं. गंमत म्हणजे याच मॅकार्टींनी गिब्सन सोडल्यावर, १९६६ च्या सुमारास, बिग्सबी कंपनी विकत घेतली. म्हणजे घोडी आणि दांडी दोन्हींच्या कुंडलीत एकच माणूस, तरी दोघींचं पटत नाही.

रोलर ब्रिजमध्ये खाचेच्या जागी छोटं चाक असतं. तार सरकली की चाक फिरतं. घासणं कमी, अडकणं कमी, हँडल सोडल्यावर तार मुकाट आपल्या जागी. कल्पना नवी अजिबात नाही. ग्रेच कंपनीने १९५८ च्या आसपास ‘स्पेस कंट्रोल’ नावाचा चाकांचा ब्रिज काढला होता. चाकं एका आडव्या आट्यांच्या सळईवर डावी-उजवीकडे सरकायची, म्हणजे दोन तारांमधलं अंतर हवं तसं बदलता यायचं. म्हणून ‘स्पेस’.

हे सगळं मी ज्युनिअर इंजिनिअरला कागदावर काढून दाखवलं. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, हे तर बेअरिंग आहे!’’

मग ताटं बाजूला सारून त्याने माझाच क्लास घेतला. रस्त्याचा पूल उन्हात लांबतो. ५० मीटरचा गर्डर धरा, थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत ३५ अंशांचा फरक धरा, तर तो जवळपास दोन सेंटिमीटर वाढतो. दोन्ही टोकं आवळून ठेवली तर काहीतरी तडकणारच. म्हणून एक टोक पक्कं आणि दुसरं सरकायला मोकळं. जुन्या पुलांना त्यासाठी लोखंडी रोलर असत. आता रबराचे जाड थर वापरतात किंवा निसरड्या पट्ट्या.

‘‘रोलर का सोडले?’’

‘‘धूळ जाते, गंज चढतो, जाम होतात. जाम झालेला रोलर म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा.’’

हे वाक्य मी नॅपकिनवर लिहून घेतलं. यूट्यूबवरच्या कुठल्याही रिव्ह्यूत ते मला मिळालं नव्हतं. तिथले रिव्ह्यू करणारे एसी स्टुडिओत बसतात. त्यांच्या घरावरून आलापल्लीच्या रस्त्याचे ट्रक जात नाहीत.

तरी ऑर्डर करायची घाई केली नाही. आधी रोग नक्की ब्रिजचाच आहे का, ते बघायचं होतं. तार दोन ठिकाणी अडकू शकते. एक ब्रिजवर आणि दुसरी वर, मानेच्या टोकाला, जिथे नट नावाची खाचांची छोटी पट्टी असते. शेकडो लोक नट तसाच ठेवून ब्रिज बदलतात, मग ‘काही फरक नाही पडला’ म्हणून कपाळाला हात लावतात. ओळखायची युक्ती सोपी आहे आणि ती फुकट आहे.

तारा जुन्या असतील तर आधी नव्या घाला, हाताने ओढून ओढून सैलावून घ्या आणि नीट सुरात लावा. खुंटीवरचे वेढे ढिले नकोत, नाहीतर सगळा हिशेबच फसतो. मग हँडल खाली दाबा, सोडा, ट्यूनरकडे बघा. तार चढलेली दिसली तर दोषी नट. उतरलेली दिसली तर दोषी ब्रिज.

असं का? हँडल दाबलं की वाजणारा भाग ढिला पडतो. नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला, ताण अजून पूर्वीचाच असतो. ती बाजू थोडी तार आपल्याकडे ओढून घेते. हँडल सोडल्यावर ती तार परत यायला हवी, पण नटच्या खाचेने धरून ठेवली तर वाजणाऱ्या भागात तार कमी पडते, जास्त ताणली जाते, स्वर चढतो. ब्रिजकडे बरोबर उलटं. हँडलकडची बाजू सर्वांत ढिली झालेली असते, त्यामुळे वाजणारा भाग तिकडून थोडी तार ओढून घेतो. हँडल सोडल्यावर ती मागे जायला हवी. सॅडलने जाऊ दिली नाही तर वाजणाऱ्या भागात तार जास्त राहते आणि स्वर उतरतो. हँडल वर उचललंत तर सगळं याच्या उलट. दोन कपाट-भावजयांसारखं आहे: कुणी कुणाच्या साड्या परत केल्या नाहीत ते हिशेबावरून कळतं.

माझ्याकडे निकाल फिफ्टी-फिफ्टी लागला. जी आणि बी या दोन तारा चढत होत्या, म्हणजे नट. सुरात लावताना जीमधून बारीक ‘टिक’ असा आवाजही यायचा. ती नट चावत असल्याची पक्की खूण. त्यावर उपाय शाळेच्या कंपासपेटीत असतो. तार खाचेतून उचलायची, मऊ पेन्सिलचं टोक खाचेत घासायचं, तार परत ठेवायची. शिशाची पूड तेलाचं काम करते. बँकेसमोरच्या स्टेशनरीवाल्याकडून टूबी पेन्सिल घेतली. त्याला वाटलं मी चित्रं काढते. जी बरीच सुधारली, बी पूर्ण. खाच तारेपेक्षा अरुंद असेल तर मात्र पेन्सिलने भागत नाही, बारीक कानस लागते आणि कानस चालवणारा जाणता हातही.

पण खालच्या तीन जाड तारा उतरतच होत्या. या तारांवर वेटोळं असतं. सॅडलच्या धारदार खाचेत त्या वेटोळ्याचे दात करवतीसारखे अडकतात. इथे पेन्सिल दोन दिवस पुरली. तेव्हा ठरलं, ब्रिज बदलायचा.

आता कुठला?

पर्याय वाटतात तितके नाहीत. एक तर चाकं नसलेला, पण स्वतःच डुलणारा ब्रिज. फेंडरने १९५८ च्या जॅझमास्टरवर तसा केला होता. ब्रिजचे पाय टोकदार स्क्रूवर उभे, तारा सरकल्या की त्यांच्याबरोबर अख्खा ब्रिज पुढे-मागे झुकतो. घासाघीसच नाही. मला ही कल्पना मनापासून आवडते, पण ती माझ्या गिटारच्या अंगावर बसवायची म्हणजे सुतारकाम आलं. बाद. दुसरा पर्याय स्वस्त रोलर ब्रिज, बिननावाचे किंवा विल्किन्सनसारखे. यांत चाकांची जागा ठरलेली असते, तारांमधलं अंतर जे आहे ते आहे. तुमच्या गिटारला जुळलं तर पैसे वसूल. तिसरा पर्याय शॅलरसारखा जर्मन माल, किंमत तिप्पट-चौपट, पण यात चाकं आडवी सरकवता येतात.

कुठलाही घ्या, मापं आधी. आणि मापं म्हणजे शाळेची पट्टी नव्हे. सिरोंच्यात ट्रॅक्टर दुरुस्तीचं एक वर्कशॉप आहे, तिथल्या मिस्त्रींकडे लेथ आहे आणि व्हर्नियर कॅलिपर आहे. गिटार बगलेत मारून मी गेले तेव्हा तिथे रोटाव्हेटर उघडा पडला होता आणि चार शेतकरी चहा पीत होते. मिस्त्रींनी हात पुसले. अगदी तीन वेळा पुसले. मग गिटार अशी धरली, की माझ्या पुण्याच्या दुकानदाराने कधी धरली नव्हती.

सगळ्यांत महत्त्वाचं माप म्हणजे ब्रिज ज्या दोन खांबांवर उभा असतो, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. ते साधारण ७४ मिलिमीटर असतं. माझं ७४.१ निघालं. मग खांबांची जाडी. इथे लोक फसतात, कारण जुन्या अमेरिकन पद्धतीत लाकडात थेट रुतवलेली बारीक आट्यांची सळई असते, तर आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारींत धातूच्या नळीत बसवलेले जाड खांब असतात. ब्रिजचं भोक खांबापेक्षा मोठं असेल तर तो डगडगतो, लहान असेल तर बसतच नाही. भोक लहान निघालं तर ब्रिजला थोडं मोठं करून घ्या. कानस चालवायची ती ब्रिजवर, गिटारवर नाही. हा माझा एकमेव कडक नियम. शेजारच्या सुताराने प्रेमाने सुचवलं, की जुनी भोकं सागवानाने बुजवून नवी पाडून देतो, कळणारसुद्धा नाही. सागवानाच्या बाबतीत या भागातल्या माणसाशी वाद घालू नये. मी फक्त गिटार छातीशी धरली.

तिसरं माप, पहिल्या आणि सहाव्या तारेमधलं अंतर. बहुतेक ब्रिज ५० ते ५२ मिलिमीटरच्या आसपास असतात. माझ्या मानेला ५०.५ हवं होतं. ५२ चा ब्रिज लावला असता तर वरची बारीक तार बोटाखालून काठावरून घसरली असती. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? वाजवताना ते पुण्यातल्या गल्लीत एसयूव्ही घालण्यासारखं असतं.

चौथं, गोलाई. मानेचा पृष्ठभाग सपाट नसतो, किंचित कमानदार असतो. ब्रिजची कमान त्याला जुळायला हवी. रोलर ब्रिजवर एकेका तारेची उंची सहसा वेगळी बदलता येत नाही, म्हणून हे आधीच बघायचं. गिब्सन घराण्याच्या गिटारी बहुधा १२ इंची वर्तुळाच्या, म्हणजे ५२ मिलिमीटर रुंदीत मधला भाग कडेपेक्षा जेमतेम १.१ मिलिमीटर उंच. जुन्या फेंडरचं वर्तुळ सव्वासात इंची, तिथे हाच फरक १.८ होतो. घरी तपासायला दोरा आणि पेन्सिल पुरते: साडेतीस सेंटिमीटर दोऱ्याने पुठ्ठ्यावर कंस काढा, कापा, मानेवर धरून बघा. मध्ये उजेड दिसला नाही की झालं. लोन फाइलच्या कव्हरचा याहून चांगला उपयोग मी पाहिला नाही.

शेवटी उंची. चाकं बसवायला जागा लागते, म्हणून रोलर ब्रिज बरेचदा साध्यापेक्षा जाड असतो. पूर्ण खाली केला तरी तारा उंच राहतील का, हे बघून घ्या. आणि ब्रिजवरून बिग्सबीकडे तारा उतरतात तो कोन. फार तिरका असेल तर चाकांवर एवढा दाब येतो की ती फिरायचं विसरतात. फार सपाट असेल तर जोरात वाजवताना तार चाकावरून उडी मारते.

एक धोका मापात सापडत नाही. चाकाची खाच बारीक तारेला सैल पडली, किंवा चाक आसावर डुगडुगलं, तर तार झिणझिणते. सतारीसारखी. आणि इथे मला मिरज आठवलं. तिथले सतारमेकर तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर जवारी काढतात, म्हणजे तार पृष्ठभागाला निसटती घासत राहावी आणि स्वराला तो भरलेला झंकार यावा म्हणून घोडी पुन:पुन्हा घासतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून जागा शोधतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यात या हातांचा मोठा वाटा आहे. जी झिणझिण ते जन्मभर शिकून मिळवतात, तीच माझ्या गिटारवर आली तर मी दुकानदाराशी भांडणार. वाद्याचा स्वभाव, दुसरं काय.

आवाज बदलतो का? बदलतो म्हणणारे आहेत: चाकामुळे नाद कमी टिकतो, धातू महत्त्वाचा, पितळ की जस्त, वगैरे. शांत खोलीत, एकच तार छेडून, डोळे मिटून ऐकलं तर असेलही फरक. ड्रमर शेजारी बसला की मला तो ऐकू येत नाही, आणि आमचा ड्रमर तर कॅनडापर्यंत ऐकू येईल असा वाजवतो.

मी शॅलर मागवला. कारण नाव नव्हे, ते साडेपन्नास मिलिमीटर. चाकं सरकवून हवं ते अंतर मिळणार होतं, आणि इथून पार्सल परत पाठवून दुसरं मागवायला डिसेंबर थांबणार नव्हता. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल, दुकान बसच्या एका तिकिटावर असेल आणि गिटारचं माप ठरावीक असेल, तर स्वस्तातला घ्या, लावून बघा, नाही जमला तर बदला. खरं सांगते, शहरात बसून जर्मन ब्रिजचा हट्ट धरायची गरज बहुतेकांना नसते.

आता तो इथे आणायचा कसा? माझा पिनकोड टाकला की एक कुरिअर कंपनी ‘सॉरी’ म्हणते आणि दुसरी तेवढंही म्हणत नाही. सामान आणणं ही सिरोंच्याची जुनीच डोकेदुखी. इंग्रजांच्या काळात हे गाव अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचं ठिकाण होतं, आणि १८६० च्या दशकात साहेबांनी गोदावरीतून बोटींची वाहतूक सुरू करायचा घाट घातला होता. आतल्या मुलखातला कापूस थेट समुद्रापर्यंत! पात्रातले खडक काही ऐकेनात, खर्च वाढत गेला, आणि १८७१ च्या सुमारास ते काम सोडून दिलं गेलं. मी त्यापेक्षा सोपा मार्ग धरला: पार्सल मैत्रिणीच्या पुण्याच्या पत्त्यावर, तिथून स्पीड पोस्टाने सिरोंचा. पोस्टमनकाका स्वतः बँकेत आले, काउंटरवर डबी ठेवली आणि उघडेपर्यंत हलले नाहीत. कॅशिअरही आला.

बसवायला रविवार निवडला. मदतीला चर्चमध्ये गिटार वाजवणारा बारावीतला मुलगा आला. इथे बऱ्याच मुलांचे हात आधी चर्चच्या गिटार-कीबोर्डवर बसतात. गिटारखाली जाड टॉवेल, खांबांच्या उंचीच्या खुणा कागदी चिकटपट्टीवर, मग तारा ढिल्या. हे सांगून ठेवते: तारा सुटल्या की ब्रिज नुसता हातात येतो, आणि बिग्सबीची स्प्रिंगसुद्धा टुण्णकन बाहेर पडते. आधीच हात खाली धरा, नाहीतर रविवार पलंगाखाली जातो.

नवा ब्रिज खांबांवर बसला, एकाही कानशीशिवाय. चाकं सरकवून मापं लावली. मग स्वरस्थानं: बाराव्या पट्टीवर तारेला नुसतं टेकून वाजवायचं, मग दाबून वाजवायचं, दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. सहा तारांना अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात चहा गार होतो.

मुलाने हँडल पाहिलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, एंदुकु?’’ म्हणजे हे कशाला? बोटाने तार ओढून स्वर हलतोच की. मी म्हटलं, बोटाने एक-दोन तारा हलतात, हिने सहाच्या सहा. त्याने एक पूर्ण कॉर्ड वाजवला, हँडल हलकेच दाबलं, सोडलं. मग बराच वेळ तो दुसरं काही वाजवेचना. फक्त तेवढंच. कॉर्ड, हँडल, कॉर्ड, हँडल. बाहेर अंधार पडायला लागला होता आणि शेजारच्या घरातल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मग ट्यूनर लावला. ई, ए, डी, तिन्ही जाड तारा हँडलच्या दहा दाबांनंतरही जागच्या जागी. बी आणि बारीक ई ठीक.

देखभालीचं वेळापत्रक इंजिनिअरने ठरवून दिलंय. त्याचं म्हणणं, इथल्या धुळीत महिन्यातून एकदा मऊ ब्रशने चाकं झाडायची, शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब प्रत्येक आसाला, जास्त नाही, जास्त झालं की धूळ चिकटते. वाजवून झालं की घाम पुसायचा आणि गिटार उघडी न ठेवता पेटीत. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक चाक नखाने फिरवून बघायचं. न फिरणारं चाक साध्या खाचेपेक्षा वाईट, कारण आपण त्याच्या भरवशावर असतो.

निघायला अजून नऊ दिवस आहेत. जी तार अजून किंचित चढते, दोन-तीन सेंटने. टूबी पेन्सिल कॅशिअरने व्हाउचरवर टिकमार्क करायला नेलीय, ती उद्या मागायची आहे.